वकीलसाहेबांचं बॉनेट

दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या मुलीनं फोनवर सांगितलं, "काका, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हटलं, "माय, मी जन्मभर गाड्यांवर रंग मारला. कागद म्हणशील तर हातात फक्त पॉलिश पेपर धरला." ती हसली, म्हणाली, तसंच लिहा. तर तसंच लिहितो आहे. शुद्धलेखन आमची सून पाहणार आहे. त्यातल्या चुका तिच्या, बाकीच्या साऱ्या माझ्या.

मी मूळचा अमडापूरचा. दुकान बुलढाण्यात, चिखली रोडला. पाटीवर 'डेंटिंग-पेंटिंग' लिहिलेलं आहे. डेंटिंग करणारा भागीदार केव्हाच पुण्याला गेला, पाटीवर तेवढा राहून गेला. मला सारे पेंटर म्हणतात. माझं खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच बरं आहे.

आता गाड्यांना जो रंग मारतात तो दोन डब्यांतला एकत्र करून मारतात आणि बंद खोलीत गरम हवेनं सुकवतात. तो एकदा वाळला की दगड. आमच्या काळात होतं लॅकर. पातळ, थिनरचा वास डोक्यात जाणारं, अन् बोट लावून पाहावं तोवर वाळणारं. एका हातात काहीच दिसत नाही. आठ-दहा हात मारायचे, दर हातानंतर थांबायचं, मग पाण्यात भिजवलेल्या पेपरनं घासायचं, मग रबिंगची पेस्ट लावून सुती कापडानं चोळत बसायचं. लोकांना वाटतं चमक रंग फवारायच्या गनमधून येते. काय राजेहो! चमक मनगटातून येते. माझा उजवा खांदा आज वर जात नाही, तो उगाच नाही.

या धंद्यात खरं काम थांबण्याचं. पुट्टी लावली, थांबा. प्रायमर मारला, थांबा. गिऱ्हाईक आलं की मी बिडी ओढत बसलेला दिसायचो आणि ते म्हणायचं, "पेंटर, बसूनच राह्यला काय बे?" मी म्हणायचो, "बसून नाही राह्यलो, तुमची गाडी सुकवून राह्यलो." कुणाला पटत नसे.

नमुने एकेक भेटले. आमच्याच अमडापूरचे एक पाटील होते, मोठे जमीनदार. त्यांनी जुनी जीप आणली आणि म्हणाले, "रंग माह्या बैलाचा पाह्यजे." मला वाटलं, मजा करून राह्यले. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून बैल आला! चिखली रोडवर माझ्या दुकानापुढं तो बैल बांधला, अन् मी त्याच्या खांद्याजवळ पत्र्याचा तुकडा धरून रंग जुळवत बसलो. पांढऱ्यात थोडा काळा, थोडा पिवळा, इवलासा तपकिरी. निम्मं बुलढाणं पाहायला जमलं होतं. चौथ्या तुकड्याला पाटील म्हणाले, "हाच!" आणि तेवढ्यात बैलानं तो ओला तुकडा चाटून साफ केला. पुन्हा पहिल्यापासून. पुढं पाटलांनी जीप विकली, बैल मात्र शेवटपर्यंत ठेवला.

ही गोष्ट मी कुठंही सांगतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. दुसरी एक गोष्ट आहे ती आजवर घरच्यांनाही सांगितली नाही. या निमित्तानं तीच लिहायची ठरवली आहे, कारण ती एक दिवस सांगावी लागणार होती.

देऊळघाटचे एक वकीलसाहेब होते. बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करायचे, रोज गावाहून जायचे-यायचे. अँबॅसिडर गाडी, मोतिया रंगाची. गावातल्या बौद्ध वस्तीतली ती पहिली मोटार. ती घेतली त्या वर्षापासून जयंतीच्या मिरवणुकीत पुढं हीच गाडी असायची. बॉनेटवर लोखंडी स्टँड, त्यावर फोटो, झेंडूच्या माळा, अन् मागं निळे झेंडे घेऊन सारं गाव. साहेब स्वतः चालवायचे, पायी चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या चालीनं.

एका वर्षी तयारी करताना ते लोखंडी स्टँड निसटलं आणि बॉनेटला परातीएवढा खोलगट खड्डा पडला. साहेब गाडी घेऊन माझ्याकडे आले. जयंतीला चार दिवस होते. भागीदारानं पत्रा ठोकून वर काढला, तरी उथळ खड्डा राहिलाच. तो पुट्टीनं भरायचा. आता पुट्टी कशी भरतात ते सांगतो. पातळ थर लावायचा, रात्रभर वाळू द्यायचा, घासायचा, मग दुसरा थर. या खड्ड्याला चार थर तरी लागले असते, म्हणजे चार दिवस पुट्टीतच जाणार. मग रंग केव्हा मारणार?

मी सारी पुट्टी एकदमच भरली. एप्रिलचं ऊन ते! तासाभरात वरून दगडासारखी झाली. नखानं वाजवून पाहिली तर आवाज बद्द आला. वरून सुकली, आत ओली. मला ते तेव्हाच कळलं होतं. नवशिक्या होतो म्हणून चुकलो असं म्हणायला जागा नाही, चांगला कसलेला कारागीर होतो.

साहेब संध्याकाळी कोर्टातून आले. दारात उभं राहून विचारलं, "होईल न पेंटर? घाई असन तर सांगा, यंदा खड्ड्यासकट नेतो."

असं विचारलं होतं त्यांनी. अगदी सरळ. आणि मी म्हटलं, "होते न साहेब. टकाटक देतो."

टकाटकच दिली. मिरवणुकीच्या दिवशी मी मुद्दाम देऊळघाटला गेलो होतो, आपलं काम पाहायला. बॉनेट असं लखलखत होतं की माळांचा पिवळा रंग त्यात दिसत होता. साहेबांनी मला गर्दीत पाहिलं, गाडी थांबवली, खाली उतरून माझ्या गळ्यात हार घातला. "याचा हात पाहा," असं चार लोकांना ओरडून सांगितलं. लाज वाटायला पाहिजे होती. पण खरं सांगतो, तेव्हा फार गोड वाटलं.

पावसाळा गेला आणि कोर्टाजवळ ती गाडी उभी दिसली. बॉनेटवर सुपारीएवढा फुगा. पुढच्या उन्हाळ्यात पोपडे निघायला लागले. मी वाट पाहत होतो, आज येतील, उद्या येतील, चार शब्द सुनावतील आणि मी पुन्हा करून देईन. साहेब आलेच नाहीत. मग मी कोर्टाची गल्ली सोडली. दुकानाचं सामान आणायला लांबच्या रस्त्यानं जायचो. एकदा बसस्टँडवर समोरासमोर आलो. त्यांनी लांबून हात वर केला आणि मी रसवंतीची पाटी वाचत उभा राहिलो. 'उसाचा ताजा रस', तीन शब्द, किती वेळ वाचणार माणूस? मान वळवली तेव्हा ते निघून गेले होते.

दोन वर्षांपूर्वी साहेब वारले. मातीला गेलो नाही. मागाहून सांत्वनालाही गेलो नाही. कोणत्या तोंडानं जायचं?

यंदा होळी झाली आणि एका सकाळी दुकानापुढं तीच अँबॅसिडर थांबली. चालवत होती साहेबांची मुलगी प्रज्ञा, कॉलेजात शिकवते. शेजारी तिची आई, सुमनबाई, देऊळघाटच्या शाळेतून रिटायर झालेल्या. पांढरं लुगडं नव्हे, छान निळ्या काठाची साडी, हातात छत्री. बाईंचे डोळे अधू झालेत, उतरल्यावर त्यांनी गाडीच्या अंगावरून हात फिरवत फिरवत पुढं येऊन बॉनेटवर तळवा टेकला.

प्रज्ञा म्हणाली, "काका, गावच्या मंडळाचं म्हणणं पडलं, यंदा मिरवणुकीत नवीन उघडी जीप लावू. आपल्या गाडीचे पोपडे उडून फुलांत पडतात म्हणे. मी म्हटलं, गाडी नीट करून आणते, मग पाहा. पुरी नवीन रंगवून द्या."

"पुरी नाही," बाई म्हणाल्या. "जिथं उडाला तिथंच. बाकी हात नका लावू, पेंटरभाऊ."

मी चष्मा लावून वाकलो. पोपडे सगळीकडे होते, पुट्टीला भेगा होत्या. पण दुसरंही एक दिसलं. दर पोपड्याच्या काठाला कुणीतरी बारीक ब्रशनं रंगाचे ठिपके लावलेले. एकाला एक लागून, जाडेभरडे, गोधडीच्या टाक्यांसारखे. रंग पुढं उडू नये म्हणून कडा बंद केलेल्या. बरीच वर्षं केलेलं काम होतं ते, नव्या ठिपक्यांखाली जुने होते.

"बाई, हे कोणी केलं?"

"कोण करन? साहेबांनीच. दरवर्षी जयंतीच्या आधी एक दिवस सकाळी पाट घेऊन बसायचे इथं. तुम्ही बाटली दिली होती न रंगाची?"

दिली होती. काम झालं की उरलेला रंग छोट्या बाटलीत भरून गिऱ्हाइकाला द्यायची आमची पद्धत. बहुतेक लोक ती बाटली माळ्यावर टाकतात.

प्रज्ञा हसायला लागली. "माह्या नेलपॉलिशचा ब्रश घ्यायचे बाबा. रंग घट्ट झाला की माह्याच नेलपॉलिश काढायच्या बाटलीतलं टाकायचे त्यात. कॉलेजात असताना मी किती भांडली त्यांच्यासंग!"

मी विचारलं, "मंग माह्याकडं काऊन नाही आणली गाडी?"

बाई म्हणाल्या, "मीच म्हणायची, पेंटरकडं न्या. तर म्हणत, त्याची काही चूक नाही. त्यानं मले साफ सांगतलं होतं, साहेब पुट्टी ओली आहे, चार दिवस आणखी द्या. मीच घाई केली. आता गेलो तर तो उगाच मान खाली घालन. मले नाही पाहवत."

मी खाली बसलो. खरंच बसलो, तिथं टायरजवळ, जमिनीवर. मी त्यांना असं काहीही सांगितलं नव्हतं. मी टकाटक म्हणालो होतो. साहेबांना कळलेलं होतं, सारं कळलेलं होतं, आणि त्यांनी घरात, स्वतःच्या बायकोजवळसुद्धा माझी बाजू घेतली होती.

आता गप्प बसलो असतो तर चालून गेलं असतं. साहेब गेले, बाईंना वाटत होतं पेंटर सच्चा माणूस. एवढी वर्षं मी गप्पच होतो, आता आयुष्य तरी किती उरलं होतं माझं? पण त्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि नाही राहवलं.

"बाई," मी म्हटलं, "साहेब तुमच्यापाशी खोटं बोलले. मी सांगतलं नव्हतं. पुट्टी ओली आहे हे मले माहीत होतं. त्यांनी विचारलंही होतं, अन् मी म्हटलं, होते. माह्या घाईनं झालं हे. मले वाहवा पाह्यजे होती."

प्रज्ञा माझ्याकडे पाहतच राहिली. तिच्या कपाळाला आठी आली, आणि ती यायलाच पाहिजे होती. बाई मात्र बॉनेटवर बोटं फिरवत होत्या.

"म्हणजे," शेवटी त्या म्हणाल्या, "इतके वर्ष तुमचं वकीलपत्र घेतलं होतं त्यांनी." आणि हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं, लपवत नाही.

मग कामाचं बोललो. ते जास्त अवघड होतं. मी म्हटलं, "बाई, वरून टचअप करून भागणार नाही. खालची पुट्टीच सडली आहे. बॉनेटचा हा भाग पत्र्यापर्यंत खरडावा लागन. म्हणजे साहेबांनी लावलेलं सारं जाईन."

"दुसरा इलाज?"

"नाही. मागच्या वेळी तुमाले हवं ते बोललो होतो. आता खरं आहे ते सांगून राह्यलो."

बाईंनी एकदा पुन्हा सगळ्या बॉनेटवरून हात फिरवला, या काठापासून त्या काठापर्यंत. "करा," म्हणाल्या. "जयंतीले गाडी पुढं पाह्यजे."

तीन आठवडे घेतले मी. पहिल्यांदा ते ठिपके ब्लेडच्या पातीनं एकेक काढले आणि काचेच्या बरणीत जमा केले. लॅकरचं एक आहे, ते पुरतं मरत नाही. कितीही वर्षांचं असो, थिनर घातला की विरघळतं, पुन्हा रंग होतं. आताच्या रंगाला ते येत नाही. ठिपके थिनरमध्ये ठेवले, दुसऱ्या दिवशी सगळं एकजीव झालं. ओढणीच्या कापडातून तीनदा गाळलं. नवीन लॅकर मोठ्या मुश्किलीनं खामगावच्या एका दुकानात मिळालं, धूळ खात पडलेला शेवटचा डबा. बॉनेट खरडलं, पत्रा घासला, पुट्टीचे पातळ पातळ थर भरले, दर थराला पुरते दोन दिवस. बायको म्हणाली, "एका बॉनेटले इतके दिवस? लग्न लावून राह्यले काय?" मी म्हटलं, "हाव, तसंच समज." शेवटच्या हातांसाठी जो रंग केला त्यात साहेबांची बरणी ओतली. गन धरली तेव्हा खांदा दुखत होता, पण हात हलला नाही.

असं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. जुना रंग कुठं संपतो आणि नवा कुठं सुरू होतो ते मलाही सापडेना. गाडी न्यायला मायलेकी आल्या. प्रज्ञानं पाहिलं आणि "काका!" एवढंच म्हणाली. मी बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, साहेबांचे ठिपके गेले नाहीत, या रंगात मिसळले आहेत, साऱ्या बॉनेटवर तेच आहेत.

बाईंनी हात फिरवला. एकदा, दोनदा. बोटं काहीतरी शोधत होती.

"लय छान केलं पेंटरभाऊ," त्या म्हणाल्या. "लोणी झालं आहे नुसतं." मग हळूच म्हणाल्या, "मले दिसत नाही न आता बरोबर. सकाळी गाडीपाशी उभी राह्यली की ते टिपके हाताले लागायचे. आता काही लागत नाही."

माझा तोरा जागच्या जागी उतरला. मी बरणी घेऊन एवढा कारभार केला तो डोळ्यांसाठी. बाईंच्या बोटांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. गुळगुळीत करणं हीच माझी विद्या, आणि तिनंच त्यांचं उरलेलं काढून घेतलं. प्रज्ञानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. दोघी गेल्या.

मिरवणुकीत गाडी पुढंच राहिली. मी गेलो होतो, या वेळी मागं उभा राहिलो. प्रज्ञा चालवत होती, बापाच्याच चालीनं. मंडळाची पोरं फोटोला हार घालताना बॉनेटकडे खाली-वर पाहून एकमेकांना खुणा करत होती. जीपचं कुणी नाव काढलं नाही. पाहून बरं वाटलं, पण मनातली बोच गेली नाही.

चार दिवसांनी दोघी पुन्हा दुकानात हजर. मिरवणुकीत कुणाच्या तरी झेंड्याची काठी लागली होती. बॉनेटच्या काठाजवळ तांदळाएवढा रंग उडालेला, खालचा प्रायमर दिसत होता. मी लगेच उठलो. "अर्ध्या तासाचं काम आहे बाई. दिसणार पण नाही."

"थांबा," बाई म्हणाल्या. पर्समधून त्यांनी या वेळी मी दिलेली उरलेल्या रंगाची बाटली काढली आणि नेलपॉलिशचा एक ब्रश. "तुम्ही नका करू. मले शिकवा."

प्रज्ञा म्हणाली, "आई, तुले दिसत नाही अन्..."

"बोटाले कळते," बाई म्हणाल्या. शाळेतला आवाज होता तो.

मी पाट आणून दिला. बाईंचं डावं बोट त्या जागेवर ठेवलं. म्हटलं, ब्रश ओढायचा नाही, नुसता टेकवायचा आणि उचलायचा. थेंब कमी घ्यायचा. मग थांबायचं. त्यांनी ब्रश टेकवला तेव्हा थेंब जास्तच आला आणि जागेच्या बाहेर सांडला. आम्ही तिघं गाडीपुढं बसून तो वाळायची वाट पाहत राहिलो. बाईंनी मला साहेबांच्या कोर्टातल्या दोन गमती सांगितल्या. प्रज्ञानं चहा मागवला.

वाळला तेव्हा तिथं मुगाच्या दाण्याएवढा उंचवटा झाला होता. असलं काम माझ्या दुकानातून कधी बाहेर गेलं नाही. माझ्या हातानं सवयीनं बादलीतला ओला पेपर उचललासुद्धा, दोन घासे मारले की सपाट.

बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. एकदा गेलं, परत आलं, तिथंच थांबलं.

"लागते हाताले," त्या म्हणाल्या.

मी पेपरची घडी केली आणि खिशात घातली.